जिज्ञासेचा पगार

सरस्वती आणि लक्ष्मी या दोघी एका घरीं नांदत नाहींत, असें आपल्याकडे फार जुन्या काळापासून मानीत आले आहेत. ज्यानें विद्या धरली त्यानें धनाची आशा सोडावी, आणि ज्यानें धन धरलें त्यानें विद्येच्या वाटेस जाऊं नये, अशी ही वांटणी. शिक्षकवर्गास ती सोयीची आहे. कारण तिच्या योगानें तुटपुंज्या मिळकतीस थोडें तेज चढतें. व्यापारीवर्गासही ती सोयीची आहे. कारण तिच्या योगानें विद्वानास थोडक्यांत भागवितां येतें. परंतु जी समजूत दोन्ही पक्षांस सोयीची असते ती खरी असतेच असें नाहीं. आणि गेल्या शतकांतील विज्ञानाचा इतिहास पाहिला असतां ती एका ठिकाणीं तरी साफ खोटी ठरली असें दिसतें. तें ठिकाण म्हणजे अमेरिकेंतील एका टेलिफोन कंपनीची प्रयोगशाळा होय.

आम्ही गेलीं २७ वर्षें एका महाविद्यालयांत पदार्थविज्ञान शिकवीत आहों. डेव्हिसन, नायक्विस्ट, शॅनन, बार्डीन, शॉक्ली हीं नांवें आमच्या तोंडून दरवर्षीं वर्गांत जातात. पण तीं सिद्धान्तांच्या मागें लागलेल्या विशेषणांसारखीं. विद्यार्थी तीं पाठ करितो, परीक्षेंत लिहितो आणि विसरतो. हीं माणसें कामावर कशीं येत, कोणाबरोबर जेवत, त्यांस पगार कोण देई आणि कशाबद्दल देई, हें पाठ्यपुस्तकांत नसतें. निरोप घेण्यास घरीं येणाऱ्या हुषार विद्यार्थ्यांस मात्र नेमकें हेंच जाणून घ्यावयाचें असतें. ‘सर, कंपनीच्या प्रयोगशाळेंत गेलों तर संशोधन करावयास मिळेल, कीं नुसती चाकरी?’ असें दरवर्षीं एक-दोघे तरी विचारितात. आणि त्यांच्या शेजारीं बसलेले वडील तोच प्रश्न निराळ्या शब्दांत विचारितात: ‘नुसता विचार करण्याबद्दल कोणी पगार देतें काय हो, सर?’ या दोन प्रश्नांचें उत्तर आम्ही या प्रयोगशाळेच्या हकीकतींत शोधीत आलों आहों. तें वाचकांपुढें मांडतों.

बेल टेलिफोन लॅबोरेटरीज ही संस्था १९२५ सालीं न्यूयॉर्क शहरांत वेस्ट स्ट्रीट या रस्त्यावरील एका प्रचंड इमारतींत स्थापन झाली. अमेरिकेंतील बहुतेक टेलिफोन जिच्या ताब्यांत होते ती अमेरिकन टेलिफोन अँड टेलिग्राफ कंपनी, आणि तिचीं यंत्रें तयार करणारी वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनी, या दोघी तिच्या मालक. टेलिफोनचा धंदा करणाऱ्यास शास्त्रज्ञ कशास हवेत, असें कोणी विचारील. त्याचें उत्तर तारेंतच आहे. तारेंतून जाणारा आवाज जसजसा दूर जातो तसतसा क्षीण होतो, आणि फार दूर गेल्यावर ऐकूं येईनासा होतो. १९१५ सालीं न्यूयॉर्कहून सान फ्रान्सिस्कोशीं प्रथम बोलतां आलें, तें वाटेंत कांहीं ठिकाणीं निर्वात नळ्या बसवून त्या क्षीण आवाजास पुन्हां बळ देतां आलें म्हणून. या नळ्या कामास येण्याजोग्या केल्या त्या हॅरल्ड आर्नल्ड या पदार्थविज्ञानवेत्त्यानें. खांब रोवणाऱ्या आणि तारा ओढणाऱ्या कंपनीस तेव्हां कळून चुकलें कीं, यापुढची मजल खांबांच्या संख्येवर नव्हे, तर इलेक्ट्रॉनच्या ज्ञानावर अवलंबून आहे.

दुसरी गोष्ट अशी कीं, या कंपनीस प्रतिस्पर्धी जवळजवळ नव्हताच. मक्तेदारी ही चांगली गोष्ट नव्हे, असें अर्थशास्त्राच्या पहिल्याच धड्यांत शिकवितात, आणि तें खरेंही आहे. परंतु ज्यास प्रतिस्पर्धी नाहीं त्यास घाईही नसते. सरकारनें दरांवर नियंत्रण ठेवावें, ग्राहकांनीं महिन्याच्या महिन्यास बिलें भरावीं, आणि त्या पैशांतील कांहीं अंश प्रयोगशाळेकडे जावा, अशी ही व्यवस्था होती. लक्षावधि गृहिणी, वकील आणि दुकानदार आपापल्या टेलिफोनचें बिल भरतांना नकळत शास्त्रज्ञांचा पगार देत होते. आपल्याकडे देवळांतील अखंड दिव्यास गांवच्या घराघरांतून तेल येई, तसाच हा प्रकार. फरक इतकाच कीं, येथें तेल घालणारास दिवा कोठें आहे हें ठाऊक नव्हतें.

त्या तेलावर कसला दिवा जळत होता, याचें एक उदाहरण पाहूं. क्लिंटन डेव्हिसन हा धातूच्या पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन आपटले असतां ते कसे उसळतात याचा अभ्यास वर्षानुवर्षें करीत होता. निर्वात नळीच्या धंद्याशीं या प्रश्नाचा संबंध होता, पण दूरचा. १९२५ सालीं त्याच्या प्रयोगाच्या वेळीं द्रवरूप हवेची एक बाटली फुटली, उपकरणांत हवा शिरली, आणि आंतील तापलेल्या निकेलवर गंजाचा थर चढला. तो काढण्याकरितां डेव्हिसन आणि त्याचा सहकारी लेस्टर जर्मर यांनीं तो तुकडा पुष्कळ वेळ तापविला. त्यायोगें निकेलचे बारीक बारीक स्फटिक मिळून थोडे मोठे स्फटिक तयार झाले, आणि पुढच्या प्रयोगांत इलेक्ट्रॉन निराळ्याच रीतीनें उसळूं लागले. १९२७ सालीं या दोघांनीं दाखवून दिलें कीं, इलेक्ट्रॉन हा केवळ कणासारखा नव्हे, तर तरंगासारखाही वागतो. १९३७ सालीं डेव्हिसनला या कामाबद्दल नोबेल पारितोषिकाचा वांटा मिळाला. आतां एखाद्या काटेकोर हिशेबनिसानें १९२५ सालच्या खात्यांत काय मांडलें असतें? बाटली एक, फुटली; काम खोळंबलें; उत्पन्न शून्य. हिशेब बिनचूक, पण तो वाचून कोणी डेव्हिसनची खोली बंद केली असती तर केवढी हानि झाली असती!

हिशेबनिसाची आणखी एक अडचण अशी कीं, असल्या माणसांच्या कामाची वेळ कोणती हेंच ठरवितां येत नाहीं. हॅरल्ड ब्लॅक नांवाचा एक तरुण इंजिनियर १९२१ सालापासून एका प्रश्नाच्या पाठीमागें लागला होता. आवाजास बळ देणारीं यंत्रें एकापुढें एक जोडलीं कीं प्रत्येक यंत्र तो आवाज थोडथोडा बिघडवी, आणि शेवटीं बोलण्यापेक्षां बिघाडच अधिक ऐकूं येई. यावर तोड काय? सहा वर्षें गेलीं. १९२७ सालच्या ऑगस्ट महिन्यांत एके सकाळीं हडसन नदीवरील फेरीबोटींतून तो कचेरीस जात असतां त्यास एकाएकीं सुचलें कीं, यंत्रांतून बाहेर पडणाऱ्या प्रवाहाचा कांहीं भाग उलट करून पुन्हां आंत सोडला, तर बिघाड आपणच आपल्यास खाऊन टाकील. हातांतील वर्तमानपत्राच्या पानावर त्यानें तेथल्या तेथें आकृति काढली आणि खालीं सही केली. आज जगांतील असंख्य वर्धकयंत्रें या तत्त्वावर चालतात. मुंबईच्या लोकलगाडीनें रोज कामावर जाणाऱ्या वाचकांस यांत समाधान मानण्याजोगें कांहीं आहे. पण मालकवर्गास विचार करण्याजोगेंही आहे. त्या दिवशींचा ब्लॅकचा पगार कचेरीच्या दारांत पाऊल टाकल्यापासून सुरू झाला, असें कोणत्या हजेरीपटावरून म्हणावयाचें? आणि आधींचीं सहा वर्षें त्यास दिलीं नसतीं तर फेरीबोटींतील तो क्षण आला असता काय?

पगाराखेरीज या माणसांस कंपनीनें जें दिलें त्यांत आमच्या मतें सर्वांत मोलाचा होता तो शेजार. १९४१ सालीं न्यूजर्सी प्रांतांत मरे हिल येथें, न्यूयॉर्कपासून सुमारें २५ मैलांवर, प्रयोगशाळेची नवी इमारत उघडली. मर्विन केली हा तेव्हां संशोधनाचा प्रमुख होता. पदार्थविज्ञान, रसायन, धातुशास्त्र, गणित आणि यंत्रविद्या यांचीं माणसें आपापल्या वाड्यांत कोंडून राहूं नयेत, असा त्याचा आग्रह. म्हणून खोल्यांमधील पडद्या हलवितां येण्याजोग्या केल्या, आणि कॉरिडॉर इतके लांब ठेविले कीं जेवावयास निघालेल्या गणितज्ञास वाटेंत चार रसायनज्ञ आणि दोन धातुशास्त्रज्ञ भेटल्यावांचून राहूं नयेत. दारें उघडीं ठेवावीं, आणि ज्येष्ठ विद्वानानें कनिष्ठाची शंका परतवूं नये, असा तेथील रिवाज होता. क्लॉड शॅनन यानें १९४८ सालीं संदेश म्हणजे काय आणि तो मोजावा कसा याचें गणित मांडलें. आजच्या साऱ्या दळणवळणशास्त्राचा तो पाया होय. हा शॅनन त्या कॉरिडॉरमधून एका चाकाच्या सायकलवर बसून, कधीं चेंडू उडवीत व झेलीत, फेऱ्या मारी. आपल्याकडे कचेरींत असें कोणी केलें तर दुसऱ्या दिवशीं चौकशी समिति नेमली जाईल.

शेजाराचें मोल कसें मोजावें, हा प्रश्न तेथेंही निघाला होता. सर्वांत अधिक पेटंटें ज्यांच्या नांवावर होतीं, त्या लोकांत समान असें काय आहे, याचा एकदां शोध घेण्यांत आला. शिक्षण, वय, विषय, कशांतच मेळ बसेना. शेवटीं एवढेंच आढळलें कीं, त्यांपैकीं पुष्कळजण हॅरी नायक्विस्ट नांवाच्या एका इंजिनियराबरोबर न्याहारीस किंवा जेवणास बसत असत. नायक्विस्ट त्यांस शोध सांगत नसे. तो चांगले प्रश्न विचारी. रिचर्ड हॅमिंग हा गणिती दुसऱ्या स्वभावाचा. तो रसायनज्ञांच्या टेबलावर जाऊन बसे आणि विचारी, तुमच्या शास्त्रांतील महत्त्वाचे प्रश्न कोणते? कांहीं दिवसांनीं पुन्हां विचारी, मग तुम्ही त्यांवर काम कां करीत नाहीं? अर्थात् लवकरच तो त्या टेबलावर नकोसा झाला. याच हॅमिंगनें पुढें एका व्याख्यानांत एक निरीक्षण सांगितलें आहे. खोलीचें दार लावून बसणाराचें आजचें काम अधिक होतें, कारण त्यास कोणी व्यत्यय आणीत नाहीं. परंतु दहा वर्षांनंतर पाहावें तों दार उघडें ठेवणारे पुढें गेलेले असतात, कारण कोणतें काम करण्याजोगें आहे हें त्यांस कळलेलें असतें. आम्हीं हें वाचल्यापासून महाविद्यालयांतील आमच्या खोलीचें दार उघडें ठेवितों. व्यत्यय पुष्कळ येतो.

या शेजाराचें सर्वांत मोठें फळ १९४७ सालीं पदरांत पडलें. जॉन बार्डीन हा सिद्धान्ती १९४५ सालीं मरे हिलला आला तेव्हां जागेची टंचाई असल्यामुळें त्यास स्वतंत्र खोली मिळाली नाहीं. वॉल्टर ब्रॅटन आणि जेराल्ड पिअर्सन या दोन प्रयोगकर्त्यांच्या खोलींत त्याचें टेबल मांडण्यांत आलें. गटाचा प्रमुख विल्यम शॉक्ली यानें सुचविलेलें एक वर्धकयंत्र गणिताप्रमाणें चालावयास हवें होतें, पण चालत नव्हतें. तें कां चालत नाहीं याचें कारण बार्डीननें शोधावें, आणि तें खरें कीं खोटें हें ब्रॅटननें प्रयोगानें पाहावें, असा क्रम सुरू झाला. १६ डिसेंबर १९४७ रोजीं त्यांनीं प्लास्टिकच्या एका त्रिकोणी तुकड्याच्या कडेवर सोन्याचा वर्ख लावला, तो वस्तऱ्याच्या पात्यानें बारीक चिरला, आणि चिरेच्या दोन्ही कडा जर्मेनियमच्या तुकड्यावर टेंकविल्या. क्षीण प्रवाह आंत गेला आणि सबळ होऊन बाहेर आला. २३ डिसेंबरला वरिष्ठांस तो प्रयोग दाखविला, आणि दुसऱ्या दिवशीं ब्रॅटननें तो नोंदवहींत उतरून काढला. या नोंदवह्या बांधीव असत, पानांस क्रमांक असत, आणि महत्त्वाच्या नोंदीखालीं साक्षीदार सही करीत. ज्या पानांवर यश आहे त्यांच्यापेक्षां ज्यांवर अपयश आहे अशींच पानें त्यांत अधिक असणार; पण तीं फाडावयाचीं नसत. आमच्या विद्यार्थ्यांच्या प्रयोगवहींत एकही प्रयोग कधीं फसत नाहीं, हें पाहिलें म्हणजे आम्हांस या वह्यांची आठवण होते.

त्या यंत्रास ट्रान्झिस्टर हें नांव जॉन पिअर्स या सहकाऱ्यानें सुचविलें. आमच्या लहानपणीं, १९७० नंतरच्या दशकांत, घरांतील लहान रेडिओस कोणी रेडिओ म्हणत नसे. त्यास ‘ट्रान्झिस्टर’ म्हणत. चामडी पिशवींतला तो ट्रान्झिस्टर सकाळीं बातम्यांसाठीं वडिलांजवळ, दुपारीं गाण्यांसाठीं आईजवळ आणि क्रिकेटच्या दिवसांत आमच्या उशाशीं असे. खेड्यांत तो बांधावर झाडाच्या फांदीला टांगलेला दिसे. पिअर्सनें दिलेला शब्द मराठी घरांत इतका रुळला, पण त्याच्या मागें पुष्कळ वर्षांचा बिनहिशेबी पगार उभा आहे, हें आमच्यापैकीं कोणास ठाऊक नव्हतें.

येथवर वाचून कोणास वाटेल कीं मरे हिल म्हणजे ऋषींचा आश्रमच होता. तसें मुळींच नव्हतें. ट्रान्झिस्टरच्या शोधकर्त्यांत आपण नाहीं याचा शॉक्लीस इतका विषाद झाला कीं, शिकागोच्या एका हॉटेलांत एकटा बसून त्यानें थोड्याच दिवसांत अधिक चांगल्या ट्रान्झिस्टरची कल्पना लिहून काढली. ती कल्पना श्रेष्ठ होती. पण पुढें तो आपल्या सहकाऱ्यांशीं असा वागला कीं १९५१ सालीं बार्डीन प्रयोगशाळा सोडून विद्यापीठांत गेला, आणि ब्रॅटननें दुसऱ्या गटांत बदली करून घेतली. १९५६ सालीं तिघांस मिळून नोबेल पारितोषिक मिळालें, तेव्हां तो शेजार केव्हांच मोडला होता. गॉर्डन टील हा रसायनज्ञ सांगत होता कीं, ट्रान्झिस्टरला एकसंध स्फटिकच हवा. वरिष्ठांस तें पटेना. तेव्हां तो दिवसाचें नेमलेलें काम संपल्यावर, चाकांवर बसविलेलें आपलें यंत्र ओढीत आणून, रात्रीं स्फटिक वाढवीत बसे. पुढें त्याचेंच म्हणणें खरें ठरलें. कार्ल जान्स्कीची गोष्ट तर अधिक चटका लावणारी आहे. समुद्रापार टेलिफोनवर ऐकूं येणाऱ्या खरखरीचें मूळ शोधण्याचें काम त्याजकडे होतें. १९३३ सालीं त्यानें जाहीर केलें कीं, तींतील एक मंद खरखर आकाशगंगेकडून येत आहे. कंपनीच्या प्रश्नाचें उत्तर मिळालें होतें. जान्स्कीस दुसऱ्या कामावर घालण्यांत आलें, आणि १९५० सालीं अवघ्या ४४ व्या वर्षीं तो वारला. त्यानें उघडलेलें शास्त्र इतरांनीं वाढविलें. १९६४ सालीं त्याच परिसरांत पेन्झिअस आणि विल्सन या दोघांस अशीच एक न समजणारी खरखर ऐकूं आली. त्यांस मात्र तिचा पाठलाग करूं दिला; आणि ती विश्वाच्या आरंभकालचा अवशेष निघाली. तात्पर्य, कंपनीचा धीर मोठा होता, पण अमर्याद नव्हता.

आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. प्रयोगशाळा ही केवळ पारितोषिकें मिळविणारांची नसते. विल्यम फॅन हा तेथें साधा साहाय्यक म्हणून लागला आणि रात्रीच्या वर्गांस जाऊन त्यानें पदवी मिळविली. जर्मेनियमच्या कांडीचा एक एक पट्टा वितळवीत गेलें असतां त्यांतील मळ एका टोंकास लोटला जातो, ही त्याची युक्ति. तिच्यावांचून ट्रान्झिस्टर हें कारखान्यांतील माल न होतां प्रयोगशाळेंतील कौतुकच राहिलें असतें. एर्ना हूवर या बाई १९५४ सालीं तेथें लागल्या. एकाच वेळीं फार लोक बोलूं लागले असतां टेलिफोनचें केंद्र कोलमडूं नये, म्हणून संगणकाकडून कामांचा अग्रक्रम ठरविण्याची पद्धति त्यांनीं बसविली. तिचीं पहिलीं टिपणें त्यांनीं बाळंतपणाच्या वेळीं रुग्णालयांत केलीं, आणि १९७१ सालीं तिचें पेटंट मिळालें. फेरीबोटींत काय आणि बाळंतिणीच्या खाटेवर काय, जागें झालेलें डोकें हजेरीपटाची वाट पाहत नाहीं.

पण त्या डोक्यांतून निघालेल्या वस्तूचा मालक कोण? नव्यानें लागणारा मनुष्य आपल्या भावी शोधांचे हक्क कंपनीस एका डॉलरच्या मोबदल्यांत लिहून देई. विनोद वाटावा असा हा व्यवहार; पण कायद्यास मोबदला लागतो, म्हणून तो एक डॉलर. याचा एक धागा आपल्यापर्यंत येऊन पोहोंचतो. मुंबईच्या आय. आय. टी.चे पदवीधर नरेंद्र करमरकर यांनीं १९८४ सालीं या प्रयोगशाळेंत असतांना एक नवी गणिती रीत प्रसिद्ध केली. विमानें, मालगाड्या, टेलिफोनच्या तारा अशा मर्यादित साधनांची सर्वांत काटकसरीची वांटणी कशी करावी, असले हजारों अटींचे प्रश्न तिनें झपाट्यानें सुटतात. मराठी माणसास अभिमान वाटावा अशीच ती गोष्ट. १९८८ सालीं त्या रीतीचें पेटंट मिळालें तें कंपनीच्या नांवें, आणि गणितावर कोणाची मालकी असूं शकते काय, असा वाद विद्वानांत माजला. दुसऱ्या बाजूनें हेंही सांगितलें पाहिजे कीं, ट्रान्झिस्टरचें ज्ञान या कंपनीनें कडीकुलुपांत ठेविलें नाहीं. १९५२ सालीं २५,००० डॉलर भरणाऱ्या कंपन्यांस तिनें तें शिकविलें. आणि १९५६ सालच्या न्यायालयीन तडजोडीनें तिचीं तोंवरचीं पेटंटें इतर अमेरिकन उद्योगांस विनामूल्य खुलीं झालीं. ज्ञानाचा पैसा जनतेच्या बिलांतून आला होता; ज्ञान कांहीं अंशीं तरी जनतेकडे परत गेलें.

१ जानेवारी १९८४ रोजीं ती जुनी मक्तेदारी मोडली. टेलिफोन स्वस्त झाले, ग्राहकांचें हित झालें. पण दिव्याचें तेल आटलें. १९९६ सालीं प्रयोगशाळा ल्यूसेंट या नव्या कंपनीकडे गेली, २००६ सालीं अल्काटेल-ल्यूसेंटकडे आणि २०१६ सालीं नोकियाकडे. नांव टिकलें, कामही चालूं राहिलें. परंतु वीस वर्षांपुढें पाहण्याची सवड गेली, आणि २००८ सालीं मूलभूत पदार्थविज्ञानांतून अंग काढून घेतल्याचें जाहीर झालें. त्यापूर्वींच, २००२ सालीं, एका तरुण संशोधकाच्या चमत्कारिक निष्कर्षांची चौकशी होऊन २४ आरोपांपैकीं १६ आरोपांत लबाडी सिद्ध झाली होती. चौकशींत आढळलें कीं, त्यानें नीट नोंदवह्या ठेविल्या नव्हत्या, आणि मूळ मोजमापेंही पुसून टाकिलीं होतीं. ज्या संस्थेंत अपयशाचीं पानें जपून ठेवीत, तेथें यशाचींही पानें सांपडूं नयेत, याचा अर्थ वाचकांनींच लावावा. लबाडी एकट्याची खरी. पण जेथें दर महिन्यास नवलाची अपेक्षा असते तेथें नवल तयार करणारा निघतोच.

हें सर्व परदेशचें पुराण झालें. त्याशीं आपला संबंध काय, असें कोणी म्हणेल. संबंध असा. अलीकडे आम्हां प्राध्यापकांसही दरवर्षीं एक छापील तक्ता भरून द्यावा लागतो. लेख किती, परिषदा किती, प्रमाणपत्रें किती, असे त्यांत रकाने असतात. आणि शेवटचा रकाना ‘आगामी वर्षांतील अपेक्षित निष्पत्ति’ असा आहे. वनस्पतिशास्त्राचे आमचे एक सहकारी सह्याद्रीच्या कड्यांवरील दगडफुलांचा अभ्यास करीत आहेत. दगडफुलाच्या कित्येक जाती वर्षाकांठीं एक मिलिमीटरही वाढत नाहींत. हे गृहस्थ दर पावसाळ्यानंतर त्याच खडकांपाशीं जातात, मोजतात आणि लिहून ठेवितात. नऊ वर्षें झालीं. त्यांचा शेवटचा रकाना कोराच असतो, आणि त्याबद्दल त्यांस दरवर्षीं खुलासा द्यावा लागतो. दगडफुलास तो तक्ता वाचतां येत नाहीं, एवढाच काय तो त्यांचा खुलासा. तक्ता मागणारे वाईट आहेत असें आम्ही म्हणत नाहीं. सार्वजनिक पैशाचा हिशेब मागितलाच पाहिजे. पण पेरलेलें रोज उकरून पाहणारा शेतकरी काटेकोर म्हणतां येईल, शहाणा म्हणतां येणार नाहीं.

म्हणून आम्ही विद्यार्थ्यांस सांगतों कीं, कंपनी कीं विद्यापीठ हा प्रश्नच गौण आहे. जेथें जाल तेथें तीन गोष्टी पाहा. शेजारच्या टेबलावर कोण बसतो, आणि तो प्रश्न विचारतो काय? फसलेला प्रयोग लिहून ठेवितात, कीं झांकून ठेवितात? आणि मालक किती वर्षांपुढचें बोलतो? या तिहींचीं उत्तरें चांगलीं असतील तर टेलिफोनच्या कंपनींतही सरस्वती नांदेल. नसतील तर तिच्या नांवानें बांधलेल्या मंदिरांतही ती थांबणार नाहीं.

वडिलांच्या प्रश्नास आमचें उत्तर निराळें असतें. विचार करण्याबद्दल पगार देणारा धनी जगांत विरळा, हें खरेंच. आणि जो देतो तोही विचाराबद्दल देत नाहीं, वाट पाहण्याबद्दल देतो. परंतु आपण स्वतः काय केलेंत, असें आम्ही त्यांस विचारितों. मुलगी पंचवीस वर्षांची होईतों तिची फी भरली, पुस्तकें घेतलीं, शेवटच्या वर्षीं प्रयोग फसला तेव्हां आणखी सहा महिन्यांची खोलीची भाडेपट्टी दिली. त्या सर्व काळांत तिच्याकडून निष्पत्तीचा तक्ता कधीं मागितला होता काय? गृहस्थ थोडे हंसतात, आणि पगाराचा आंकडा विचारावयाचा राहूनच जातो.

त्या टेलिफोन कंपनीनें केलें तें यापेक्षां फारसें निराळें नव्हतें. तिनें तें मोठ्या प्रमाणावर केलें, आणि तिला तें परवडत होतें. आपल्याकडील कित्येक घरें तें परवडत नसतां करितात, आणि त्यांच्या नांवानें कोणी पेटंट काढीत नाहीं.